सोमाजीभाऊ आणि गार्डसाहेबांची गिटार

सोमाजीभाऊ दार वाजवायचे ते कुणी उघडावं म्हणून नव्हे. मी नागभीडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी टकटक ऐकू आली. कडी काढायला गेलो तर बाहेरून आवाज, "उघडू नोका गुर्जी! मी आयकून राह्यलो."

मी आत उभा, ते बाहेर उभे. पुन्हा टकटक, जरा वर, जरा खाली. मग फळीला कान लावल्यावर असते तशी शांतता. शेवटी निकाल आला, "सागवान आहे, पन ओलं असतानीच ठोकलं. जीव नाई याच्यात." एवढं बोलून ते निघून गेले. नवा शेजारी कोण, कुठला, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

हे माझ्या शेजारचे सुतार. वय पंचावन्नच्या आसपास, कानावर पेन्सिल, दाढीत भुसा. बैलबंड्यांची चाकं करावीत तर त्यांनीच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, ती चामोर्शीकडे दिलेली. तिचं येणं वर्षाला एकदा, तेही जमलं तर. बाकी घरात लाकडं. आणि त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं: "लाकडाले आंधी इचारा लागते."

अशा माणसाच्या आयुष्यात गिटार आली ती छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, गार्डसाहेबांमुळे. साहेब मूळचे गोव्याचे. नाव लांबलचक होतं, ते नागभीडात कुणी पुरतं उच्चारलं नाही. एकटेच राहायचे आणि सुटीच्या दिवशी क्वार्टरच्या ओट्यावर बसून गिटार वाजवायचे. एका वैशाखात, आमच्याकडच्या त्या भट्टीत, गिटारीचा सरस सुटला, मान निखळली आणि पोटाची फळी उभी चिरली. साहेबांनी ती भाऊंकडे आणली.

भाऊंनी आत काय आहे ते बघायला म्हणून मागची फळीही उचकटली. आतल्या बारीक पट्ट्या बघून ते इतके रंगले, की सुट्या फळ्या आठ दिवस तशाच अंगणात मातीवर पडून राहिल्या. वाळवीनं आपलं काम चोख केलं. गावभरच्या दारांना नावं ठेवणाऱ्या माणसानं लाकूड उघड्या जमिनीवर ठेवावं, हे लोकांनी पुढं कितीतरी दिवस चघळलं. भाऊ मात्र सरळ साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. "सायेब, तुमची मेली. मी दुसरी करून देतो. बराबर देतो."

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी साहेब भाऊंच्या अंगणात येऊ लागले. चाकाच्या तुंब्यावर, त्या मधल्या ओंडक्यावर, बसायचं आणि विचारायचं, "सोमाजी, आज कितना हुआ?" उत्तर ठरलेलं. "होऊन राह्यली सायेब. घाई नोको." मग कोरा चहा. भाऊंनी स्वतः रांधलेला भात आणि तळ्यातल्या मासोळीचा रस्सा. साहेब हिंदीत बोलत, भाऊ झाडीबोलीत बोलत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं सगळं कळतंय असा दोघांचाही समज होता. मी कुंपणापलीकडून हे बघत असे. पुढं पुढं मीही एक पाट घेऊन तिथं बसू लागलो.

पोटाची फळी शिवणीच्या लाकडाची हवी, आणि तीसुद्धा जुनी, आपल्या जागी शांतपणे वाळलेली, हे भाऊंनी आधीच ठरवलं होतं. तशी शिवण सापडली ती कुठं, तर माझ्या वर्गात. मी त्रैराशिक शिकवत होतो. भाऊ आत आले, माझ्या हातातला खडू बाजूला केला आणि फळ्यावर टिचकी मारली. "गुर्जी, ह्या लाकडावर तुमी हिशेब लिवून राह्यले?" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. चार दिवसांत त्यांनी शाळेला नवा सागवानी फळा करून दिला आणि जुना डोक्यावर घेऊन नेला. हेडमास्तरांनी मला लेखी खुलासा मागितला. खुलाशात काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही.

कडेच्या पट्ट्या वाकवायच्या म्हणजे कसोटी. धान उकडायच्या हंड्यात त्या भिजवायच्या, निखारे भरलेल्या लोखंडी नळीवर टेकवायच्या आणि हातानं नुसता दाब देत राहायचं. "जोर लावला का मोडली. तिले वाटलं पायजे का आपनच वाकून राह्यलो." चार पट्ट्या मोडल्या, पाचवी वळली. त्या दिवशी भाऊंनी न्हाऊ घातलेल्या तान्ह्या पोरीसारखी ती पट्टी फडक्यात गुंडाळून ठेवली.

सरसाचा प्रकार सांगायलाच हवा. बाजारातल्या सरसावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मासेमार ढिवरांकडून ते माशांच्या पोटातले फुगे आणायचे आणि मंद आचेवर शिजवून त्यांचा सरस करायचे. चिकटला की लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही, असा तो सरस. पण त्याला वास होता. गिटार पहिल्यांदा जोडून रात्रभर दाबून ठेवली, तर सकाळी गावातली तमाम मांजरं अंगणात जमलेली आणि एक बोका आत शिरून पट्ट्या चाटतोय. भाऊंनी त्याला हाकललं नाही. जोड तपासून म्हणाले, "एवढं चाटलं तरी सुटला नाई. पक्का आहे."

घासायला पारिजातकाची खरखरीत पानं. आणि शेवटी लाखेचं पॉलिश. लाख आमच्या जंगलात पळसावर भरपूर, पण ती विरघळवायला कडक स्पिरिट लागतं. ते कुठून आणणार? भाऊ मोहाची पहिल्या धारेची आणत आणि ती पुन्हा एकदा गाळून घेत. दर आठवड्याला बाटली घेऊन जाणारा हा माणूस स्वतः थेंबाला शिवत नसे. पण हे गावाला कोण सांगणार? हेडमास्तरांनी मला घर बदलायचा सल्ला दिला.

"फडक्याच्या पोटलीनं पातळ हात द्याचा," भाऊ शिकवायचे, "एक दिस थांबाचं, मंग दुसरा. आभाळ असलं तं हात लावाचा नाई, लाख पांढरी पडते."

आणि इथंच गाडी अडली. पोळा गेला, दसरा गेला, धान कापून झालं, तरी लाखेचे हात संपेनात. साहेबांसमोर दर रविवारी भाऊ एक पिवळी फळी मांडीवर घेऊन घासत बसायचे. कधी आभाळ होतं, कधी हवेत ओल होती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत, आकाश घासलेल्या परातीसारखं स्वच्छ असताना, त्यांनी "आज ओल आहे" म्हटलं तेव्हा मला हसू आलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "ठीक है. अगले इतवार."

होळी झाली आणि साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. थेट बंगालकडे. शनिवारी दुपारच्या गाडीनं निघायचं. मला भाऊंचा राग आला. माणसाची वस्तू मोडायची, वर्षभर झुलवत ठेवायचं आणि शेवटी रिकाम्या हातानं पाठवायचं? मी तणतणत त्यांच्या घरी गेलो आणि मनात होतं ते सगळं बोललो. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग शिडी लावून माळ्यावर चढले आणि धानाच्या तणसातून एक गाठोडं खाली आणलं. पांढऱ्या धुतल्या धोतरात गुंडाळलेली गिटार. पुरी. तारा चढवलेली. पोट असं चमकत होतं की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो काही बरा दिसत नव्हता.

"कवा झाली ही?" मीही त्यांच्यासारखाच बोलून गेलो.

"पोळ्याच्या आंधी."

"मग दर रविवारी काय घासत होतात?"

"दुसरी फळी. ते कोनाचीच नाई." त्यांनी धोतराची घडी घातली. "झाली म्हनलं असतं, तं मंग ते इथी काऊन आले असते, गुर्जी?"

सात महिने मी त्यांच्याच अंगणात बसून बघत होतो आणि मला ओल दिसली नव्हती, हवेतलीही नाही आणि माणसातलीही नाही. मला फार लाज वाटली.

शनिवारी सकाळी साहेब निरोप घ्यायला आले. भाऊंनी गिटार त्यांच्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरले. साहेबांनी ती मांडीवर घेतली, पोटावर नाक टेकवून वास घेतला. ताज्या लाखेला आठवडाभर तरी मोहाचा वास येतो, हे त्याच अंगणात बसून ते शिकले होते. या गिटारीला कसलाच वास नव्हता. त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडं पाहत होते.

साहेबांनी तारा छेडल्या. आवाज इतका भरलेला, इतका गोड निघाला, की रस्त्यानं जाणारी बंडी थांबली. त्यांनी एक लांब सूर वाजवला, तो पूर्ण विझेपर्यंत ऐकला. मग एक खुंटी उगाच मागं-पुढं फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि गिटार भाऊंच्या हातात परत दिली.

"नहीं, सोमाजी. अभी थोड़ा कच्चा है. ये खूँटी देखो, ढीला है. तुम आराम से बनाओ. मैं छुट्टी में आएगा, तब देखेगा."

सोमाजीभाऊंच्या कामाला कुणी खोट काढली की ते लाकूड तासायचा वाकस घेऊन अंगावर जात. खुद्द पाटलालाही त्यांनी एकदा चाकाला नावं ठेवली म्हणून अंगणाबाहेर काढलं होतं. त्यांनी ती खुंटी चिमटीत धरून पाहिली. दगडासारखी घट्ट होती. गिटार त्यांनी छातीशी धरली आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"हो सायेब," ते म्हणाले, "अजून कच्चीच आहे."