उजव्या चौकटीवरचा हात

कमळाकर पोहेवाल्याने कॅमेरा घेतला तो स्वस्त मिळाला म्हणून. चोराची भीती त्याला मागाहून वाटायला लागली. नम्रताच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नाचे दागिने बँकेतून काढून रोह्याच्या घरात ठेवलेले, आणि नवरा-बायको दिवसभर पेणच्या दुकानात. (दागिने घरी आणायची अक्कल कुणाची, ते विचारू नका. त्याचीच.) त्या सकाळी त्याने कॅमेरा दारापाशी ठोकला आणि हौसाला मागे बसवून गाडीला किक मारली.

दुपारपर्यंत फोनने प्रत्येक कावळ्याची वर्दी दिली. मग माणूस दिसला.

पांढरी टोपी, हातात पिशवी, सत्तरीचा म्हातारा. त्याने उजव्या चौकटीवरून सावकाश बोटं फिरवली, एका जागी थांबवली, आणि तीच बोटं ओठांना लावली. (कडी दिसत नव्हती. तेवढ्या किमतीत अर्धंच दार बसतं.)

"हौसा, बघ गो. चौकट चाचपतोय."

"आणि चाखतोय कशाला?"

"खूण असंल टोळीची."

"अवो, मग बोला की त्याच्याशी. त्यातनं बोलता येतं म्हणून गावभर सांगितलंत ना?"

कमळाकरने फौजदाराचा आवाज काढला. "कोण हाय तिकडं?"

म्हातारा दचकला. चौकटीलाच हात जोडून म्हणाला, "मी इथलाच. दार उघड..." आणि चित्र गोठलं.

"दार उघड म्हणतोय. दिवसाढवळ्या, मलाच!"

दुकानाचं शटर अर्धवट ओढून दोघं सुटली. वडखळला ट्रकांची रांग, गडबला नेटवर्क गायब. हौसा मागे बसून फोन आभाळाकडे धरत होती.

"दिसतोय काय गो?"

"व्हय. उंबऱ्यावर बसलाय. पाठ दाराला लावून."

"म्हणजे आत दुसरा हाय. हा राखण करतोय."

कमळाकरने रोह्यापर्यंत गाडी पिळली.

गाडीतला पाना उगारून कमळाकर अंगणात शिरला. म्हातारा गुडघ्यावर हात टेकत उठला.

"मी एलियाह. ह्याच घरात जन्मलो. घर विकून आम्ही इस्राएलला गेलो. ह्या चौकटीवर आमचा मेझुझा असायचा, लहानशी नळी, आत देवाचं वचन. येताजाता त्याला हात लावून बोटं ओठांना टेकायची. तो आम्ही काढून नेला, पण खिळ्यांची भोकं हायत अजून. हात आपसूक गेला."

कमळाकरने पाना पाठीमागे घेतला. "मग काका, दार उघड म्हणून दरडावत का होतात?"

"दरडावतोय कुठला? दार उघडं हाय, असं सांगत होतो. तुमचा डबा मधेच मुका झाला. म्हटलं, कुणी शिरायला नको, म्हणून टेकून बसलो."

हौसा आत धावली. दागिने जागच्या जागी होते. ती बाहेर आली तेव्हा कमळाकर मान ताठ करून सांगत होता, "उघडं राहीलच कसं? कुलूप मी माझ्या हातानं लावलंय. ही बघा किल्ली."

त्याने खिशातून किल्ली ओढली. तिच्यामागून कुलूपही आलं, चोख बंद केलेलं.

हौसाने ते हातात घेऊन ओढूनसुद्धा पाहिलं. पक्कं होतं.