मुकी किटली बोलती केली, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणारांनी आधी चहा ठेवावा आणि मग बसावे, कारण मजकूर चहाचा आहे, आणि लिहिणार स्वतः चहाबाज असल्याने निःपक्ष नाही.

पोलादपूरचे मुलखात, डोंगर-उताराचे वाडीत, मातोश्री ठमाबाईसाहेब आपले घरी एकहाती अमल करीत होत्या. चिरंजीव सुनीलराव चाकरीनिमित्त मुंबईस. त्यांनी गणपतीस येते समयी शिट्टीची किटली नजर केली. मतलब हा की, मातोश्री मागे गोठ्यात गाईपाशी असल्या तरी उकळी फुटताच किटलीने नौबत द्यावी आणि बाईंनी येऊन गॅस बंद करावा. तैसा दस्तूर चालला, आणि शिट्टी ऐकून शेजारचे दीर येसाजीराव बोलावण्यावाचून चहास हजर होऊ लागले.

मग एके सकाळी किटली मुकी जाहली. बाई गोठ्यात, चहा आटला, किटलीचे बूड काळे ठिक्कर पडले आणि धूर पाहून वाडीत हलकल्लोळ उडाला. मोबाईलचे अमलात खबरेस जासूद लागत नाही. सुनीलरावांचे फर्मान दुपारचे आत सुटले: "आये, आता एकटी राहायचं नाय. टेन्शन येतं मला. रविवारी येतो नि तुला मुंबईला नेतो." बाईंनी जबाब दिला, "मी नाय येणार," आणि फोन ठेवला, परंतु त्या दिवशी चहा घेतला नाही, यावरून काय ते समजावे.

येसाजीरावांनी मसलत केली की, शिट्टी परत आणावी म्हणजे चिरंजीवांचा मुद्दाच उरणार नाही. मग किटली टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, येसाजीरावांची स्वारी एसटीने महाडास दाखल जाहली. एक दुकानदार म्हणे नवी घ्या, दुसरा म्हणे सुटी शिट्टी येत नाही, तिसऱ्याने हातोडी मारून पोचा पाडला आणि झाले म्हणून सांगितले. त्याच्याशी भांडावे तर एसटी चुकते. सबब शिकस्त खाऊन माघारी आले आणि किटली ओट्यावर टाकून दिली.

तो सांजवेळी बाई पाहतात, तांबड्या मुंग्यांची फौज रांगेने चढून शिट्टीचे भोकात शिरत आहे. बाई ओरडल्या, "भावजी, हिच्यात गोड हाय कायतरी!"

तेव्हा गनीम उघडा पडला. किटली घडविली नुसते पाणी तापविण्यास. आणि बाई रोज तीत पाणी, पावडर, साखर, दूध एकत्र घालून रंग येईतो उकळीत होत्या. नुसत्या पाण्यास वेगळे भांडे कशाला, हे आमचे मुलखात कोणास पटावे? उकळी वर येई आणि साय-साखर शिट्टीत बसून दगड होई.

मग आमसुलाचे कढत पाण्यात शिट्टी भिजविली, खराट्याचा हीर घालून कोरली, आणि येसाजीरावांनी जोराने फुंकली, त्यात दोन मुंग्या त्यांचे मिशीवर आल्या. किटली गॅसवर चढली. येसाजीरावांनी देव पाण्यात घातले. आधी फुसफुस, मग घोगरा सूर, आणि मग ऐसी शिट्टी उठली की गाय दावे ओढून उभी राहिली.

रविवारी चिरंजीव कोकण रेल्वेचे वीर नामे स्टेशनास उतरून वाडीत पोचले. बाईंनी निव्वळ पाण्याची किटली ठेवली आणि मुद्दाम गोठ्यात गेल्या. सुनीलराव हाताची घडी घालून पाहत राहिले. शिट्टी जाहली, तरी उठले नाहीत. बाई आल्या, हात धुतले, गॅस बंद केला आणि पुसले, "आता बोल."

सुनीलरावांनी हाताची घडी सोडली आणि उठून चहाचे कप मांडले. मग तह ठरला तो ऐसा की, दूध-साखर वेगळ्या टोपात, किटलीत फक्त पाणी, आणि मातोश्रींनी आपले घरीच राहावे.

येणेप्रमाणे पूर्ण फत्ते जाहली. सोमवारी चिरंजीव एकटेच मुंबईस रवाना जाहले, आणि ते वळणाआड होईतो मातोश्री ताठ उभ्या होत्या. मग पदराने डोळे पुसले. बखर खरी लिहावी म्हणून हेही नमूद केले.