मेतकुटासाठी देणगी

मंदाकिनीबाईंना एका शब्दाची चीड होती आणि नेमका तोच शब्द त्यांच्या नवऱ्याच्या तोंडी कायम असे. छंद! गेली दोन वर्षं त्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मेतकूट करून विकत होत्या, दोनशे ग्रॅमचं पाकीट एकशे चाळीस रुपये. आणि श्रीनिवासराव आल्यागेल्याला सांगत, "हिचा आपला एक छंद आहे. वेळ जातो."

"माझा वेळ नाही जात, माल जातो," बाई म्हणत. त्यावर पाहुणे कौतुकाने हसत, आणि बाईंचं डोकं आणखी फिरे.

शेवटी त्यांनी ठरवलं, आता सगळं रीतसर करायचं. 'काकू, नंतर देते हं' बंद. फोनवर पैसे भरायची लिंक पाठवायची, पैसे आले की पाकीट निघेल. हात डाळी भाजण्यात गुंतलेले, म्हणून लिंक बनवायचं काम श्रीनिवासरावांकडे गेलं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरही पूर्ण वाचून मगच पुडा फोडणारे. ॲपमध्ये चार प्रकारच्या लिंक होत्या. एकदाच चालणारी, ठरलेल्या किमतीची कायमची, दरमहा पैसे कापणारी आणि देणगीची. चारही प्रकारांच्या अटी त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचल्या.

"पहिल्या तिन्हींना दोन टक्के कमिशन आहे. चौथीला शून्य!"

"चौथी कसली आहे?" बाईंनी कढईवरून विचारलं.

"पैसे येण्याशी मतलब. पाकिटामागे दोन रुपये ऐंशी पैसे वाचतात."

हरभऱ्याची डाळ करपायला आली होती, त्यामुळे पुढची चौकशी राहिली. श्रीनिवासरावांनी लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिली. उघडून पाहिली नाही. शून्य कमिशन दिसल्यावर माणूस आणखी काय बघणार?

दहा मिनिटांत फोन वाजायला लागला. एक्कावन्न रुपये. एकशे एक. पुन्हा एक्कावन्न. किती पाकिटं हवीत, हे मात्र कोणी सांगेना. तिसऱ्या मजल्यावरच्या कादंबरीने पाचशे एक भरले आणि लिहिलं, "काकू, खचू नका. आम्ही आहोत."

आता बाईंनी लिंक उघडली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'मंदाकिनी यांना साहाय्य करा. इच्छेनुसार रक्कम भरा.'

त्या काही बोलणार तोच बेल वाजली. समोरच्या वेणूबाई वरणभाताचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या.

"काही बोलू नका," त्या कुजबुजल्या. "भाऊजींची पेन्शन थांबली ना?"

"माझी पेन्शन अगदी व्यवस्थित चालू आहे!" आतून श्रीनिवासराव ओरडले.

"पुरुषांना कमीपणा वाटतो हो," असं म्हणून वेणूबाईंनी डबा हातात दिला आणि डोळे पुसत परत गेल्या.

श्रीनिवासराव बाहेर आले. "लिंक बंद करतो. पैसे परत पाठवू. परत पाठवायला कमिशन पडतं का, ते तेवढं बघतो."

"अजिबात परत पाठवायचे नाहीत," बाई कडाडल्या. "पैसे आले म्हणजे विक्री झाली. मी देणगी घेत नाही, आणि दया तर मुळीच नाही!"

त्यांनी वजनकाटा, पिशव्या, बिलबुक आणि मेतकुटाचा डबा उचलला आणि जिना उतरल्या. पहिलं दार कादंबरीचं.

"पाचशे एक रुपयांचं सातशे सोळा ग्रॅम झालं. बघून घे."

"अहो काकू, राहू द्या! आणि एवढं मेतकूट आम्ही दोघं कधी संपवणार?"

"रक्कम भरताना विचार करायचा होता."

एक्कावन्नवाल्यांना त्र्याहत्तर ग्रॅम मिळालं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुदर्शनने हळूच विचारलं, "देणगीची पावती मिळेल का? टॅक्ससाठी हवी होती."

"बिल मिळेल," बाई म्हणाल्या आणि फाडून दिलं.

यादीत शेवटचं नाव उरलं. उत्तरेश्वर, वीस रुपये. सोसायटीचा वॉचमन. आता मात्र बाईंना फार लागलं. त्याचा पगार केवढा, आणि त्यानेही आपली कीव करावी! त्या गेटपाशी गेल्या आणि एकोणतीस ग्रॅम मोजू लागल्या.

"उत्तरेश्वर, तुम्हाला मदत करायची काय गरज होती?"

"मदत?" तो गोंधळला. "मी कशाची मदत करतोय ताई? रोज तुमच्या खिडकीतनं वास येतोय. म्हनलं, एकदा खाऊन बघावं. त्यात लिवलं होतं, इच्छेनुसार रक्कम भरा, मग परवडतंय तेवढी भरली."

त्या दिवशी अख्ख्या सोसायटीत मेतकूट विकत मागणारा हा एकटाच निघाला होता. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सरळ दोनशे ग्रॅमचं पाकीट पुढे केलं.

"हे घ्या."

उत्तरेश्वरने हात मागे घेतला. "नको ताई. वीसचं द्या. मी फुकटचं घेत नाय."

बाईंनी पाकीट पिशवीत ठेवलं, एकोणतीस ग्रॅमची पुडी बांधली आणि सुवाच्य अक्षरात वीस रुपयांचं बिल लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या किमतीची लिंक तयार झाली, दोन टक्के कमिशनसकट. वीस रुपयांच्या पुडीची वेगळी. दुपारी श्रीनिवासराव जेवायला बसले. पानात गुरगुट्या भात होता, वर तूप होतं, मेतकूट नव्हतं. त्यांनी मान वर केली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लिंक आली होती. एकशे चाळीस रुपये.

"अगं, घरच्या माणसालासुद्धा?"

"परवडत नसेल तर वीसची पुडी आहे."

श्रीनिवासरावांनी अटी वाचल्या नाहीत. मुकाट पैसे भरले. तेवढ्यात वेणूबाई आपला डबा न्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, छंद बरा चाललाय की वहिनींचा!"

"छंद नाही हो, धंदा आहे तिचा," श्रीनिवासराव भात कालवत म्हणाले. "आणि भाव कमी करायला मला सांगू नका. मीसुद्धा गिऱ्हाईकच आहे."