गच्चीवरचा ट्राउट

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे. तिच्या नोटीस बोर्डावर एक सूचना कायमची लावलेली आहे: 'गच्चीवर मासे पकडण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' इमारत सहा मजली. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या, दोन्हींना कुलूप. नवीन राहायला आलेली माणसं ही सूचना वाचून आधी हसतात, मग टाक्यांमध्ये नक्की काय आहे याची काळजी करतात आणि शेवटी वॉचमनला विचारतात. वॉचमन वर बोट दाखवून सांगतो, "पाचव्या माळ्यावरचे कर्णिकसाहेब."

कर्णिककाका टेलिफोन खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, घरातही मनगटावर घड्याळ. बोलताना दर तिसऱ्या वाक्याला 'टेक्निकली'. चहात साखर कमी पडली तरी "टेक्निकली हा चहा नाही" म्हणायचे आणि पिऊन टाकायचे.

आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहायला आलो त्याच आठवड्यात मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले. एका टोकाला काका हातात लांब काठी घेऊन उभे. काठीला रीळ. दुसऱ्या टोकाला सुमनकाकी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मेथी निवडतायत, पुढ्यात पितळेची परात, परातीत पाणी. काकांनी हात मागे नेला, काठी हवेत फिरली, काहीतरी चमकत उडालं आणि परातीच्या बाहेर वीतभर अंतरावर पडलं.

"लांब पडली," काकी मेथीतून मान वर न करता म्हणाल्या.

मला एखादी गोष्ट कळली नाही तर मी सरळ विचारते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. गोवंडीला पत्र्याच्या खोलीत अभ्यास करून बी.कॉम. झाले, हे मी कुणी न विचारताही सांगते. न विचारता गप्प बसण्याची चैन मला कधी परवडली नाही. मी म्हटलं, "काका, हे काय चाललंय?"

"ट्राउट," काका म्हणाले.

"कुठाय?"

"हिमाचलमध्ये."

मग त्यांनी मला समोर उभं करून समजावलं. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. तो पाण्यावरचे किडे खातो. म्हणून गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बनवायचा, त्याला म्हणायचं फ्लाय. फ्लाय वजनाने फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी. ती फेकायला खरं तर वेगळी काठी मिळते, जाड दोऱ्याची. काकांकडे होती साधी स्पिनिंग रॉड. तिच्यावरून हलकी वस्तू लांब जातच नाही. त्यावर उपाय म्हणजे लिंबाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा फुगा. त्यात अर्धं पाणी भरायचं, तो दोऱ्याला अडकवायचा आणि त्याच्या पुढे हातभर अंतरावर फ्लाय. फुगा वजन देतो, फ्लाय मागोमाग जाते.

इंटरनेटवरच्या कुठल्याशा मासेमारांच्या ग्रुपमध्ये काकांनी हे लिहिलं, तेव्हा तिथल्या जाणकारांनी त्यांची रेवडी उडवली. पुण्याच्या एका गृहस्थाने लिहिलं, स्पिनिंग रॉडवर फ्लाय म्हणजे भजनाला ड्रमसेट. काकांनी उत्तर दिलं, "विठ्ठलाने तक्रार केली का?" आणि ग्रुप सोडला.

फ्लाय ते घरीच बांधायचे. त्यासाठी काकींच्या जुन्या शालूची जर, देवघरातलं मोरपीस, आणि मुख्य म्हणजे गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं. मुलुंडला सगळे ब्रॉयलर. माझं माहेर गोवंडीचं म्हटल्यावर काकांचे डोळे लकाकले. "देवनारचा बाजार जवळच की तुमच्या. तिथे खरा कोंबडा मिळत असेल." तेव्हापासून मी आईकडे गेले की पिसं घेऊन यायची. आईला वाटायचं, मी कुणाच्या तरी अंगावरून काही उतरवून टाकतेय. एकदा तिने मला जवळ बसवून हळूच विचारलं, "शिकली सवरलेली तू, असल्या नादाला कशी लागली गं?"

प्रत्येक फ्लायला ऑफिसातल्या साहेबाचं नाव होतं. एक काळी, भरगच्च, पाण्यात पडली की आवाज करणारी, तिचं नाव 'डायरेक्टर'. एक दिसायला देखणी, पण हवेत सोडली की कुठेही जायची, ती 'देसाईसाहेब'. "यांच्या हाताखाली मी नोकरी केली," काका सांगायचे. "आता हे माझ्या हाताखाली."

सूचना लागली ती ठक्करभाईंच्या बनियनमुळे. ठक्करभाई सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचे कपडे गच्चीवर वाळत होते, 'देसाईसाहेब' वाऱ्याने भरकटले आणि बनियनमध्ये रुतले. काकांनी रीळ फिरवलं तसं बनियन दोरीवरून सुटलं आणि सरपटत काकांकडे यायला लागलं. नेमके तेव्हाच ठक्करभाई जिन्यातून वर आले.

"कर्णिकभाई, इथे पाणी पण नाय, मच्छी पण नाय, तरी तुमची मच्छीमारी चालूच."

"टेक्निकली मी मासे पकडतच नाही, ठक्करभाई."

"तो ये क्या पकडा?"

"हे आपोआप लागलं."

मीटिंग झाली, सूचना लागली. काकांनी ती वाचली, तिच्यातली शुद्धलेखनाची चूक पेनाने सुधारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर गेले. ठक्करभाईंनीच मग कपडे वाळत घालायची वेळ बदलली.

हा नाद कुठून लागला ते काकींनी मला सांगितलं. मुलगी लहान असताना ते ऑफिसच्या प्रवास सवलतीवर हिमाचलला गेले होते. चहासाठी बस नदीकाठी थांबली. खाली पाण्यात एक म्हातारा असाच फुगा लावून फ्लाय टाकत होता. त्याने मासा काढला आणि काकींना दाखवायला ओंजळीत धरला. सोनेरी अंग, त्यावर लाल ठिपके.

"कुंकवाची बोटं उठवल्यासारखे गं," काकी म्हणाल्या. "आम्ही सीकेपी. मासा दिसला की आधी कालवण आठवतं. पण तो बघून मला भूकच लागली नाही. त्याने परत पाण्यात सोडला, मी बघतच राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बसमध्ये बसल्यावर मी यांना म्हटलं, मला तो पुन्हा बघायचाय हो. संपलं. परत आल्यावर यांनी काठी आणली."

काकांचं म्हणणं, मासा काकींना दाखवायचा तर तो आपण पकडलेला हवा. आणि पकडायचा तर आधी हात बसायला हवा. ज्या दिवशी फ्लाय न चुकता परातीत पडायला लागेल, त्या दिवशी तिकिटं काढायची. इंजिनिअर माणूस, चाचणी झाल्याशिवाय लाइन चालू करणार नाही.

फ्लाय परातीत पडली तरी पुढे मासा लागल्याचा सराव कसा करायचा? म्हणून काकी ट्राउट झाल्या. मेथी, पालक, वालाच्या शेंगा, जे काही हातात असेल ते निवडत स्टुलावर बसायच्या. फ्लाय परातीत पडली की दोरा धरून हिसका द्यायच्या. बनियनच्या प्रकारापासून गळाचं टोक काकांनी पकडीने मोडलेलं असायचं. काकींचा ट्राउट लहरी होता. कधी म्हणायचा, "आज उपास आहे, ओढणार नाही." कधी काका नीट फेकायच्या आधीच ओढायचा.

एकदा काकींनी हिसका दिला आणि काकांनीही पुस्तकात लिहिल्याप्रमाणे काठी जोरात वर उचलली. नायलॉनचा दोरा काकींच्या ओल्या बोटात घुसला. बरंच रक्त आलं. काकींनी बोट परातीतल्या पाण्यात बुडवलं आणि म्हणाल्या, "लागला हो मासा." काका मात्र पांढरेफटक पडले. त्या दिवसापासून सरावाचा नियम बदलला. काकींनी हिसका दिला रे दिला की काकांनी काठी खाली झुकवायची आणि रिळावरची तारेची कडी उघडायची. कडी उघडली की दोरा सैल सुटतो. मी कित्येक सकाळी हे बघितलंय. काकींचा हात हलायच्या आत काकांची काठी झुकलेली असायची.

"अहो, पण खऱ्या माशाला असं सोडणार का?" काकींनी एकदा विचारलं.

"टेक्निकली ते तिथे गेल्यावर बदलायचं," काका म्हणाले.

तिथे जाणं काही होईना. एका वर्षी मुलीचं बाळंतपण आलं. पण बहुतेक वर्षी कारण एकच, हात बसला नाही. काकींनी लोकरीच्या टोप्या घेऊन ठेवल्या होत्या, पायांना दगड बोचू नयेत म्हणून जाड मोजे घेतले होते. "मला नदी बघायचीय गं, परात नाही," त्या मला म्हणायच्या आणि हसायच्या. आता आठवलं की वाटतं, त्या तितक्याशा हसत नव्हत्या. फ्लाय परातीत पडायला लागली होती. मी पाहिलं होतं. मग काका म्हणाले, वाऱ्यातही पडायला हवी.

मग काकींचं दुखणं निघालं आणि पावसाळ्याआधी त्या गेल्या.

काका बरेच महिने गच्चीवर आले नाहीत. ठक्करभाईच एकदा मला लिफ्टमध्ये म्हणाले, "बेन, त्यांना सांगा ना, टाका म्हणावं गळ. मी कपडे घरात वाळवीन." मी सांगितलं. काका नुसते हसले. पुढे जानेवारीत एक दिवस आमच्याकडे आले आणि म्हणाले, "वैशाली, मी एप्रिलमध्ये जातोय. एक मासा पकडणार आणि परत येणार. मुलगी म्हणते, एकट्याने नदीत उतरायचं नाही. तू आणि मिलिंद येता का?"

मिलिंद, माझा नवरा, समुद्राच्या पाण्यालाही घाबरतो. तो म्हणाला, "येतो की." आमच्या मुलीला माझ्या आईकडे गोवंडीला ठेवलं आणि आम्ही निघालो.

हिमाचलमधल्या तीर्थन नदीचं पाणी काचेसारखं होतं. मासेमारीचा परवाना काढला, तिथला एक वाटाड्या घेतला. देवराज नाव, पन्नाशीचा, मिशाळ, बोलणं कमी. काकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून पहिली फ्लाय टाकली. मोठ्या दगडाच्या मागे पाणी शांत होतं, बरोब्बर तिथे पडली. देवराजने मान डोलावली. "वाह अंकलजी. कहाँ सीखे?"

"मुंबईत. छत पे," काका म्हणाले. देवराजला ते कळलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला पाण्यात सोनेरी काहीतरी वळलं. फुगा थांबला, दोरा ताठ झाला. आणि काकांची काठी खाली झुकली. कडी उघडली. दोरा सैल सुटला, माशाने पिसं थुंकली आणि तो गेला.

"छोड़ क्यों दिया?" देवराजने विचारलं.

काका स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मिलिंद काठावरून ओरडला, "काका, दोरा सुटला का?"

"नाही," काका म्हणाले. "सोडला."

दुपारपर्यंत पुन्हा तेच. फ्लाय जिथे हवी तिथे पडायची, मासा यायचा, काठी झुकायची. प्रत्येक वेळी काका मान हलवायचे, ओठ घट्ट दाबायचे, पुन्हा फेकायचे. देवराजचा संयम संपला. त्याने काकांना काठावर आणलं, फ्लायचा दोरा स्वतःच्या मुठीत धरला आणि लांब जाऊन उभा राहिला.

"मैं मछली. मैं खींचूँगा, आप झटका मारना. ज़ोर से."

त्याने हिसका दिला. काठी झुकली, कडी उघडली.

"झटका, अंकलजी."

पुन्हा हिसका. काठी वर नेण्यासाठी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. काठी थोडी वर गेली, दोरा ताणला आणि त्यांनी काठी टाकूनच दिली.

"अगं, सोड. बोट कापेल," ते म्हणाले.

देवराजने आमच्याकडे पाहिलं. मिलिंद त्याला हिंदीत काही सांगणार होता, मी त्याचा दंड धरला. काका खाली दगडावर बसले. म्हणाले, "हात नव्हता बसला तरी यायला हवं होतं गं. बसने यायचं, चहा प्यायचा, पाण्यात पाय सोडायचे. मासा दुसऱ्या कुणीही काढला असता. तिला काय फरक पडणार होता." या वेळी 'टेक्निकली' नव्हतं.

खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं त्यांनीच बोलून टाकलं होतं.

देवराज त्यांची काठी घेऊन खाली उतरला होता. थोड्या वेळाने त्याने हाक मारली. मासा पाण्यातच ओंजळीत धरून तो वाकला होता. काका दगडांवरून तोल सांभाळत गेले. एका सपाट दगडावर जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती, तिथे मधोमध उभे राहिले. मासा ओंजळीत कल्ले हलवत होता. सोनेरी अंग, लाल ठिपके, काकींनी सांगितले होते तसेच.

काका बघत राहिले. मग एका बाजूला सरकले, पार कडेला, बूट पाण्यात जाईपर्यंत. दगडाची उरलेली अर्धी जागा मोकळी सोडली. मी मागेच उभी होते, मला पुढे जाऊन मासा बघता आला असता. मी गेले नाही.

"छोड़ दूँ?" देवराजने विचारलं.

"थोडं थांबा," काका म्हणाले. "बघून होऊ दे."