कूलर बंद करून केलेली तुलना

मुकुंदरावांनी मांडीवर थाप मारली. "तू काहून घाबरून राहिली? मी आहो ना! पंखा घ्यायच्या आधी सीताबर्डीचा अर्धा बाजार पालथा घातला होता मी. गोळी का इंजेक्शन, आजच ठरवून टाकतो!"

हे ऐकून त्यांची बायको चारुशीला जास्तच घाबरली. ऑपरेशनमध्ये गर्भपिशवीसोबत दोन्ही अंडाशयं गेली आणि चाळिशीच्या आतच पाळीचा कारभार आटोपला. अंगातून एकदम जाळ उठायचा, छाती धडधडायची. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हार्मोन घ्या. रोजची गोळी, नाहीतर महिन्याचं इंजेक्शन. त्यात अशा हार्मोननं कॅन्सर होतो असं पेपरात आलेलं! औषध घेतलं तर मरण, नाही घेतलं तर अशीच भाजून निघणार.

मुकुंदरावांनी असंच ऑपरेशन झालेल्या दोघी शोधून आणल्या. जरीपटक्याची प्रेमिला गोळीवाली, उमरेडच्या भागीरथाबाई इंजेक्शनवाल्या. भर मे महिन्याची दुपार! दोघींना खुर्च्यांवर बसवून मुकुंदरावांनी फर्मान काढलं, "कूलर बंद! खिडक्या बंद! जिले आधी घाम फुटन, तिचं औषध बेकार!"

थोड्याच वेळात दोघी लालबुंद! पदर चिंब! चारुशीला बघतच राहिली. म्हणजे दोन्ही औषधं फुकट? जन्मभर असंच जळायचं? तिला रडूच फुटलं.

"रडू नको वं," भागीरथाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "आमचं सोड, तुह्या नवऱ्याकडं पाह्य!"

मुकुंदराव खुर्चीतून घसरत होते. "छाती धडधडून राहिली! मळमळून राहिलं! मलेही तेच झालं वाटते वं!"

आणि ते आडवे झाले. प्रेमिलानं कूलर लावला, भागीरथाबाईंनी तळपायांना कांदा चोळला आणि डॉक्टरबाईंना बोलावणं गेलं.

"ऊन लागलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मे महिन्यात कूलर बंद करून बसल्यावर कोणाला घाम येणार नाही?" मग त्यांनी चारुशीलाला जवळ बसवलं. "पेपरातली भीती पिशवीच्या कॅन्सरची. तुला पिशवीच नाही! बाकी तपासण्या आपण करत राहू. गोळी सोसली नाही तर बंद करता येते. इंजेक्शन एकदा घेतलं की महिनाभर अंगात राहतं."

"मग मले गोळीच द्या," चारुशीला म्हणाली. आवाज कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टरबाई मुकुंदरावांकडे वळल्या. "मळमळीला काय देऊ? गोळी की इंजेक्शन?"

मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले. "मले काय विचारता? चारूले विचारा. तिले समजते त्यातलं!"

"इंजेक्शन!" चारुशीला म्हणाली. "आन् सुई जराशी मोठी पाह्यजा."