जाड पत्र्याचा कर्णा

"बाळा, माझो ट्रंपेट एकदा आयकव, मगे मी जातंय," असं नानांनी शनिवारी सकाळी जाहीर केलं. डॉक्टरांनी दोनच दिवस दिले होते. नाना कधी मुदत चुकवणारे नव्हते, त्यामुळे त्यांचा मुलगा बाळा लगेच माळ्यावर चढला.

नानांनी तीस वर्षं गिरणीत माग चालवले आणि गिरणीच्याच बँडमध्ये ट्रंपेट वाजवला. मागांच्या खडखडाटात कान गेले. पुढे संपात गिरणी गेली, त्याला पाच वर्षं झाली. उरला तो ट्रंपेट. त्याचा कर्णा, म्हणजे पुढचं पसरट तोंड, पापडासारखा पातळ होता. आवाज असा धारदार, की नानांच्या बहिऱ्या कानांत तेवढाच एक शिरायचा.

आता नशीब बघा! माळ्यावरून काढताना ट्रंपेट बाळाच्या हातून निसटला तो थेट पाट्यावर. कर्णा उभा चिरला. बाळा तसाच मरोळला पळाला. तिथे घागरी ठोकणाऱ्या एका मिस्त्रीने जुना कर्णा कापून काढला आणि घागरीच्या पत्र्याचा नवा बसवला.

"टेन्शन नको, शेठ. तुमचे नातू वाजवतील."

"पण आवाज?"

"येणार ना! पत्रा केवढा जाड आहे बघा!"

घागरींच्या बाबतीत हा माणूस अगदी बरोबर असणार.

रविवारी सकाळी बाळाने नानांच्या उशाशी उभं राहून फुंकलं. जाड पत्र्याने धार सगळी गिळली. बाहेर आला तो खोल, बोथट हंबरडा. नानांची मान हलली नाही.

"फुंक मरे! नुसते गाल कित्याक फुगवतंस?"

बाळाने जीव तोडून फुंकलं. घाटकोपरच्या त्या अख्ख्या चाळीने तो आवाज ऐकला आणि त्याचा एकच अर्थ काढला. शेजारचा धाकू मयताच्या कामाला नेहमी सर्वांत पुढे. तो लगेच बांबू आणायला धावला. कुणीतरी दुकानातून मालाडला फोन केला, आणि नानांची मुलगी कमल तासाभरात रडत जिना चढली.

"नाना, मला न भेटताच गेलात हो!"

आत शिरली, तर नाना बशीतून चहा पीत होते.

"कमल इली? तिका च्या दी," ते सुनेला म्हणाले.

तेवढ्यात बांबू, मडकं आणि पांढरं कापड घेऊन धाकू दारात हजर.

"मेले नाहीत? अरे यार बाळ्या, वाट लावलीस! मयताचं सामान दुकानदार परत घेत नाही!"

"हळू बोल ना!"

"हळू कशाला? ऐकतंय कोण?"

ऐकत होते नाना. मरोळहून परत आणलेल्या जुन्या कर्ण्याची चीर साबणाने बुजवून बाळाची बायको विमला कालपासून त्याने स्टोव्हमध्ये घासलेट ओतत होती. सासऱ्यांशी ओरडून ओरडून घसा बसला, तसं तिने आत्ताच त्याचं निमुळतं टोक त्यांच्या कानाला लावलं होतं. कित्येक वर्षांनी नानांना माणसाचं बोलणं ऐकू आलं, आणि आलं ते हे.

"सामान हाडलंस मा, धाकू? मगे ऱ्हवांदे. फुकट घालव नको."

धाकूला तोंड कुठे लपवावं कळेना. नानांनी बाळाला खूण केली. बाळाने वाजवलं, विमलाने कर्णा कानाशी धरून ठेवला. नानांनी डोळे मिटून अख्खी धून ऐकली.

"सूर बरोबर हा. पत्रो जाड हा."

बाळाला रडू आवरेना. बापाने उभ्या जन्मात त्याला बरोबर म्हटलं ते पहिल्यांदाच.

दुपारी चारला, चाळ जेवून पंख्याखाली लवंडली असताना, नाना गेले. कमल त्यांचे पाय धरून बसली. कुणाला तरी बोलवायला हवं होतं, पण बाळाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्याने ट्रंपेट उचलला आणि छाती फुटेस्तोवर फुंकला.

एकही दार उघडलं नाही. भिंतीपलीकडून धाकू तेवढा ओरडला,

"आता बस कर रे, बाळ्या! म्हाताऱ्याला जरा झोपू दे!"