एक जूनला जन्मलेलं जंगल

एका जंगलात एक तळं होतं. थंडीत ते दगडासारखं गोठायचं. मग जनावरं पायाला पात्या बांधून बर्फावर गिरक्या घ्यायची. त्याला म्हणे फिगर स्केटिंग म्हणतात. हसू नका रे पोरांनो, खुळं जंगलातही येतात.

हौसा पाणमांजरीची लेक टिकली यात पटाईत. एका पायावर अशी गरगर फिरायची की बघणाऱ्याला भोवळ यावी. यंदा पोरांच्या गटाची स्पर्धा निघाली. टिकलीची झोपच उडाली.

नियम साधा होता. गेल्या एकतीस मेला दोन वर्षं पूर्ण हवीत, तीन पूर्ण झालेली नकोत.

नावं साळिंदर कारकून लिहून घेत होता. स्वतःच्याच पाठीचा काटा उपटायचा नि त्यानंच लिहायचा. त्यानं टिकलीचा शाळेचा दाखला पाहिला.

"जन्म एक जून. एक दिवस कमी पडतो. चला, पुढचा!"

"ओ कारकून," हौसा म्हणाली, "पोर मी जन्माला घातली की तुम्ही? करवंदं पिकली होती तेव्हा झाली ही. ऐन मे महिना!"

"करवंदांचा दाखला आणलाय?"

हौसानं टिकलीचा हात धरला नि थेट बगळे गुरुजींना गाठलं.

"अहो बाई," गुरुजी म्हणाले, "शाळा एक जूनला उघडते. त्याआधी जन्मलेलं पोर मी लिहू कुठं? वही बंद असते. सगळं जंगल एक जूनचंच आहे. महाराजसुद्धा."

"मग खोडा नि मे लिहा."

"ते महाराजांना विचारा."

सिंह महाराज ऊन खात बसले होते. शेजारी त्यांचा छावा पात्या उलट्या बांधत होता.

"तुझ्या पोरीची तारीख चुकली म्हटलं, की वही चुकली," महाराज म्हणाले. "वही चुकली, की युवराजांचीही तारीख चुकली. ते मेमधले निघाले, तर त्यांना तीन वर्षं पूर्ण होतात. मग गटात बसतील कसे? आत्ता कसे एका दिवसानं बसतात."

हौसाच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

"असं होय! आधी पोरगं मोजलं, मग नियमाची तारीख काढली! लाज वाटते का काही?"

"वाटते ना," महाराज म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम."

स्पर्धा झाली. युवराजांच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांचं त्या दिवशी पोट दुखत होतं. युवराज या टोकापासून त्या टोकापर्यंत ढुंगणावर गेले. पहिला नंबर आला.

महाराज पदक घालायला उठले. तेवढ्यात हौसानं टिकलीच्या पात्या आवळल्या.

"जा गं. कोण अडवतंय बघते मी."

टिकली गेली. एकच गिरकी घेतली, पण ती संपेचना. पदकाकडे पाठ करून सगळं जंगल बघत राहिलं. बगळे गुरुजी चक्क दोन्ही पायांवर उभे राहिले. महाराजांनीही टाळी वाजवली, मग भान आलं नि पंजा मागं घेतला.

कारकुनानं लगेच नोंद केली : "पाणमांजरीची मुलगी बर्फावर दिसली. परंतु वय भरत नसल्यामुळे ती दिसली असे धरू नये."

तात्पर्य : पोरांनो, गिरक्या-बिरक्या मागाहून शिका. आधी जन्म घेताना स्पर्धेच्या समितीला तारीख विचारा. समितीची ठरली नसेल तर पोटातच थांबा, आईला कळा सोसायची सवय असते. राजाच्या घरी जन्मणार असाल, तर मात्र केव्हाही या. तारीख तुमच्या मागून येईल.